मताधिकार, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नागरी हक्कांच्या चळवळीचे एक प्रमुख अंग. संविधानाच्या पंधराव्या दुरुस्तीने (१८७०) कृष्णवर्णीयांचा मताधिकार मान्य झाला. तथापि दक्षिणेकडील राज्यांत तो प्रत्यक्षात येण्यास १९६५ साल उजाडावे लागले. मधल्या ९५ वर्षांत ही दुरुस्ती रद्द झाली नाही, की कोणत्या न्यायालयाने ती अवैध ठरविली नाही. हक्क संविधानात शब्दशः कायम असूनही तो निरुपयोगी कसा करता येतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

यादवी युद्धाच्या (१८६१–६५) अखेरीस तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी नष्ट झाली व चौदाव्या दुरुस्तीने (१८६८) मुक्त गुलामांना नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण मिळाले. वंश, वर्ण अथवा पूर्वीची गुलामगिरीची अवस्था या कारणांवरून नागरिकाचा मताधिकार नाकारता येणार नाही, असे पंधराव्या दुरुस्तीत नमूद आहे. या शब्दरचनेतच पुढील अनर्थाचे बीज होते. दुरुस्तीने मत कोणालाही दिले नाही; ते नाकारण्याची तीन कारणे तेवढी निषिद्ध केली. मतदाराची पात्रता ठरविण्याचा अधिकार राज्यांकडेच राहिला. दुरुस्तीच्या संरक्षणाचा लाभही पुरुषांपुरताच होता. स्त्रियांना मताधिकार देणारी घटनादुरुस्ती १९२० साली झाली.

आरंभी मात्र चित्र आशादायक होते. पुनर्रचनेच्या काळात (१८६५–७७) दक्षिणेत केंद्राचे सैन्य असल्याने कृष्णवर्णीय पुरुष मोठ्या संख्येने मतदान करीत. १८७० मध्ये मिसिसिपीतर्फे हायरम रेव्हल्झ हे सीनेटचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले. जोतीराव फुले यांनी आपला गुलामगिरी (१८७३) हा ग्रंथ, गुलामांच्या मुक्ततेसाठी झटल्याबद्दल, अमेरिकेतील लोकांना अर्पण केला तो याच काळात. चार वर्षांनी, १८७७ मध्ये, झालेल्या राजकीय तडजोडीनंतर केंद्राने दक्षिणेतील राज्य सरकारांना दिलेला लष्करी आधार काढून घेतला आणि सत्ता जुन्या गौरवर्णीय वर्गाच्या हाती परत गेली.

प्रथम दहशत व मतपेट्यांतील लबाडी ही साधने होती. नंतर कायद्याचेच साधन झाले. १८९० च्या मिसिसिपी संविधानाने हा पायंडा पाडला व इतर राज्यांनी तो गिरविला. मतदारावर डोईपट्टी बसविण्यात आली. काही राज्यांत मागील वर्षांची थकबाकीही भरावी लागे. साक्षरतेची कसोटी आली. राज्याच्या संविधानातील एखादे कलम वाचून दाखविणे वा त्याचा अर्थ सांगणे आवश्यक ठरले. अर्थ समाधानकारक आहे की नाही, हे नोंदणी अधिकारी ठरवी. या अटींमुळे गरीब व निरक्षर गोरेही वगळले जात, म्हणून लुइझिअ‍ॅनाने १८९८ मध्ये एक पळवाट ठेवली : १ जानेवारी १८६७ रोजी वा तत्पूर्वी जे मतदार होते, त्यांना व त्यांच्या पुत्रांना आणि नातवांना या कसोट्या लागू नाहीत. त्या दिवशी राज्यातील कृष्णवर्णीयांस मत नव्हते, हे उघडच आहे. कायद्यात वर्णाचा उल्लेख कोठेही नव्हता. लुइझिअ‍ॅनात १८९६ मध्ये सु. १ लाख ३० हजार कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ मध्ये त्यांची संख्या १,३४२ झाली.

नोंदणी अधिकाऱ्यास एवढे महत्त्व का, हे भारतीय वाचकास चटकन उमगत नाही. भारतात मतदारयादी तयार करण्याची जबाबदारी निवडणूक आयोगावर आहे. अमेरिकेत सामान्यतः नागरिकाने स्वतः कचेरीत जाऊन नाव नोंदवावे, अशी पद्धत रूढ झाली. त्यामुळे कचेरीचे दार हेच मतपेटीचे दार ठरले. अ‍ॅलाबॅमातील सेल्मा येथे ही कचेरी महिन्यातून दोनच दिवस उघडत असे. मिसिसिपीत १९६२ च्या कायद्यान्वये अर्जदारांची नावे दोन आठवडे स्थानिक वृत्तपत्रात छापली जाऊ लागली. शेतमालक, सावकार व घरमालक यांना ती सूचनाच असे.

न्यायालयांनी दीर्घकाळ आधार दिला नाही. मिसिसिपीच्या कसोट्यांत वरकरणी वर्णभेद दिसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्ये ठरविले. अ‍ॅलाबॅमातील जाइल्झ खटल्यात (१९०३) तर अशा राजकीय अन्यायाचे परिमार्जन राज्यातील जनतेने अथवा केंद्रीय विधिमंडळाने करावे, असे सांगून न्यायालयाने हात झटकले. ज्यांचे मतच हिरावले गेले, त्यांना मतपेटीकडे बोट दाखविणारा हा निर्णय न्यायमूर्ती होम्झ यांच्या थोर लौकिकास साजेसा नाही. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या कृष्णवर्णीयांच्या प्रगतीसाठीच्या राष्ट्रीय संघटनेने न्यायालयीन लढा चिकाटीने चालविला. पूर्वजांवर आधारलेली सूट १९१५ मध्ये अवैध ठरली. डेमॉक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत केवळ गोऱ्यांनाच मतदान करू देण्याची टेक्ससमधील प्रथा १९४४ मध्ये रद्द झाली. दक्षिणेत त्या पक्षाचा उमेदवार हमखास निवडून येत असल्याने खरी निवडणूक तीच होती. मात्र एक युक्ती रद्द झाली की दुसरी निघे. १९५७ च्या नागरी हक्क कायद्याने केंद्र सरकारला दावे लावण्याचा अधिकार दिला, तरी प्रत्येक जिल्ह्यासाठी वेगळा दावा व प्रत्येक दाव्यास वर्षानुवर्षे, अशी स्थिती होती.

कोंडी फुटली ती सामान्य माणसांच्या धैर्यामुळे. मिसिसिपीतील शेतमजूर फॅनी लू हेमर (१९१७–७७) या ३१ ऑगस्ट १९६२ रोजी नाव नोंदविण्यास गेल्या. अर्ज मागे घ्या किंवा निघून जा, असे मळेमालकाने त्यांना त्याच दिवशी बजावले. अठरा वर्षांचे काम व राहते घर दोन्ही गेले. पुढील वर्षी विनोना येथील तुरुंगात त्यांना अमानुष मारहाण झाली. १९६४ च्या डेमॉक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी दिलेली साक्ष दूरचित्रवाणीवरून देशभर पोहोचली. त्याच उन्हाळ्यात मिसिसिपीत नोंदणी मोहिमेचे तीन तरुण कार्यकर्ते मारले गेले. त्यांपैकी दोघे गोरे होते.

सेल्मा ज्या डॅलस जिल्ह्यात आहे, तेथे मतदानाच्या वयाचे सु. १५ हजार कृष्णवर्णीय होते. नोंदणी जेमतेम तीनशेंची होती. फेब्रुवारी १९६५ मध्ये जवळच्या मॅरियन गावी जिमी ली जॅक्सन हा तरुण पोलिसाच्या गोळीने मृत्युमुखी पडला. त्याच्या निषेधार्थ ७ मार्च रोजी सु. ६०० लोक मंगमरीच्या—माँगमरी या राजधानीच्या—दिशेने निघाले. एडमंड पेटस पुलापलीकडे राज्य पोलिसांनी लाठ्या व अश्रुधूर वापरून त्यांना मागे रेटले; जॉन ल्यूइस या तरुण नेत्याच्या कवटीस इजा झाली. ही दृश्ये त्याच रात्री घरोघरी दिसली. १५ मार्च रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी काँग्रेसपुढे मताधिकार विधेयकाची मागणी केली. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखालील मोर्चा २५ मार्च रोजी माँगमरीस पोहोचला.

६ ऑगस्ट १९६५ रोजी स्वाक्षरी झालेल्या मताधिकार कायद्याचे वैशिष्ट्य त्याच्या यंत्रणेत आहे. जेथे १९६४ मध्ये साक्षरतेसारखी कसोटी लागू होती आणि मतदानाच्या वयाच्या निम्म्याहून कमी लोकांची नोंदणी वा मतदान झाले होते, तेथे ती कसोटी स्थगित झाली व केंद्राचे नोंदणी परीक्षक पाठविता येऊ लागले. दक्षिणेतील सहा राज्ये या निकषात संपूर्णपणे बसली. पाचव्या कलमानुसार अशा राज्यांना निवडणूक नियमांत बदल करण्यापूर्वी केंद्राच्या महान्यायवादीची अथवा वॉशिंग्टन येथील न्यायालयाची पूर्वमान्यता घ्यावी लागे. नवी युक्ती योजावयाची आणि दावा निकालात निघेपर्यंत तिचा लाभ घ्यावयाचा, हा मार्ग त्यामुळे बंद झाला. कालहरणाचा भार प्रथमच राज्यांवर पडला. मिसिसिपीत कायद्यापूर्वी ६·७ टक्के कृष्णवर्णीय नोंदलेले होते. १९६७ मध्ये हे प्रमाण ५९·८ टक्के झाले. डोईपट्टी केंद्रीय निवडणुकांपुरती १९६४ च्या चोविसाव्या दुरुस्तीने व राज्यांच्या निवडणुकांत १९६६ च्या न्यायालयीन निर्णयाने नाहीशी झाली.

पुढे वादाचे स्वरूप पालटले. मत नाकारण्याऐवजी मतदारसंघांच्या सीमा अशा आखल्या जाऊ लागल्या, की त्या मताचा प्रभावच पडू नये. अशा प्रकरणांत भेदभावाचा हेतू सिद्ध करण्याची गरज नाही, परिणाम पुरेसा आहे, अशी सुधारणा काँग्रेसने १९८२ मध्ये केली. २००६ मध्ये पूर्वमान्यतेची तरतूद आणखी २५ वर्षांसाठी वाढविण्यात आली. तथापि अ‍ॅलाबॅमातील शेल्बी जिल्ह्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २५ जून २०१३ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी राज्ये निवडण्याचा निकष कालबाह्य म्हणून अवैध ठरविला. पाचवे कलम रद्द झाले नाही. निकषाअभावी ते ज्याला लागू व्हावे असे राज्यच उरले नाही. पूर्वमान्यता नाकारला गेलेला ओळखपत्राचा कायदा टेक्ससने त्याच दिवशी अंमलात आणण्याचे जाहीर केले. नवा निकष घालून देणारी विधेयके प्रतिनिधिगृहाने २०१९ व २०२१ मध्ये संमत केली. दुसऱ्या विधेयकास जॉन ल्यूइस यांचे नाव होते. ते १९८७ पासून २०२० मधील आपल्या मृत्यूपर्यंत त्या गृहाचे सदस्य होते. दोन्ही विधेयके सीनेटमध्ये अडली.