कमी धावलेली डिनो: गैरसमज आणि वस्तुस्थिती

इटलीतील मारानेल्लो येथील फेरारीच्या कारखान्यातून १९६९ ते १९७४ या काळात बाहेर पडलेली ‘डिनो २४६’ ही मोटार आज सुस्थितीत आणि अल्प अंतर धावलेली अशी विक्रीस आली म्हणजे संग्राहकांत तिच्याविषयी उत्कट आदर प्रकट होतो. परंतु त्या आदराच्या आश्रयाने काही निराधार समजुतीही बळावल्या असल्याने त्यांची छाननी करणे अगत्याचे आहे.

गैरसमज १: फेरारीचे घोड्याचे बोधचिन्ह नाही, तेव्हा ही खरी फेरारी नव्हे.

वस्तुस्थिती: एन्झो फेरारी यांचा पुत्र आल्फ्रेदो, ज्याला सारे डिनो म्हणत, तो १९५६ साली अवघ्या चोविसाव्या वर्षी निवर्तला; व्ही-६ इंजिनाच्या कल्पनेशी त्याचे नाव निगडित असल्यामुळे या मोटारींना पित्याने तेच नाव दिले. हे इंजिन फॉर्म्युला टू शर्यतींत उतरवायचे, तर त्या शर्यतींच्या १९६७ पासूनच्या नियमांनुसार त्याचा मूळ प्रकार किमान ५०० संख्येने निर्माण झालेला असणे आवश्यक होते, आणि एवढे उत्पादन फेरारीच्या आवाक्याबाहेरचे असल्याने त्यासाठी फियाटशी करार झाला. तथापि मोटारीची आकृती पिनिनफारिना या आरेखन-संस्थेची, काया मोदेनाच्या स्कालिएत्ती या बांधणी-कारखान्याची आणि जुळणी मारानेल्लोची. वंशाविषयी संशयास जागा नाही.

गैरसमज २: अंतरमापकावरील अल्प आकडा हाच निर्णायक पुरावा.

वस्तुस्थिती: यांत्रिक अंतरमापक बंद ठेवता येतो, मागे फिरविता येतो, बदलताही येतो. म्हणून त्या आकड्याची रुजवात जुन्या दुरुस्तीच्या पावत्या, तपासणीचे दाखले आणि नोंदणीचे दस्तऐवज यांच्याशी घालावी लागते. शिवाय पेडलांचे रबर, आसनाचे चामडे आणि सुकाणूचक्राची कड यांवरील झीज त्या कागदांशी विसंगत तर नाही ना, हेही पाहावे लागते.

गैरसमज ३: जी धावली नाही, ती झिजली नाही.

वस्तुस्थिती: काळ उभ्या मोटारीलाही सोडीत नाही. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते आणि आतील धातू गंजवू लागते, कार्ब्युरेटरात राहिलेले पेट्रोल आटून चिकट थर धरते, तेल अडविणारी रबरी सीले कडक होऊन चिरतात, आणि नक्षी शाबूत असलेले टायरही वयोमानाने अविश्वसनीय होतात. आधीच्या ‘डिनो २०६’ची काया ॲल्युमिनियमची होती, ‘२४६’ची मात्र पोलादाची, त्यामुळे दारांखालच्या पट्ट्यांत शिरलेला गंज किलोमीटरांचा हिशेब विचारीत नाही.

गैरसमज ४: संपूर्ण नवा साज चढविला की मूल्य वाढते.

वस्तुस्थिती: नवा रंग पुन्हा देता येतो, कारखान्यातून आलेला मूळ रंग एकदा खरवडला की कायमचा गेला. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या तुरीन सनदेतही जतनावर आणि शक्य तितक्या अल्प हस्तक्षेपावर भर आहे. मूळ इंजिन, मूळ सांगाडा व त्यांवरील क्रमांक कारखान्याच्या दप्तराशी जुळत असतील, तर किंचित विटलेला रंग हा दोष नसून साक्षच होय.

तात्पर्य, या मोटारीचे मोल तिच्या निष्क्रियतेत नसून तिच्या अखंड आणि सिद्ध करता येणाऱ्या इतिहासात आहे. म्हणून जिच्या रक्षणाचे भाग्य आपल्याला लाभले, ती डिनो मालकाने नियमाने, इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवावी, वर्षातून एकदा जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावी आणि प्रत्येक कामाची नोंद दिनांकासह ठेवावी. अंतरमापकाचा आकडा थोडा वाढेल, परंतु त्यावरील इतबार त्याहून अधिक वाढेल.