पेट्रोल पंप गेला, पेट्रोल राहिलं!

पेट्रोल पंप बंद झाला, मशीन्स उचलून नेली, छत पाडलं की आपल्या दृष्टीने विषय संपला. अमेरिकेत मात्र अशा रिकाम्या प्लॉटवर कोणी बांधकाम काढलं की आधी ड्रिलिंग रिग येतो. कारण पंपाचा खरा संसार जमिनीखाली असतो. जुन्या काळी पुरलेल्या टाक्या साध्या स्टीलच्या, आणि ओल्या मातीत स्टील गंजणारच. पिनाएवढ्या भोकातून थेंब थेंब गळतं आणि हजारो लिटरच्या हिशेबात ते कुणाच्या लक्षातही येत नाही. तिथल्या ईपीएकडे जमिनीखालच्या टाक्यांच्या गळतीच्या साडेपाच लाखांहून जास्त केसेस नोंदलेल्या आहेत! १९८६ मध्ये तर ह्या सफाईसाठी गॅलनमागे एक दशांश सेंट टॅक्स बसवला गेला.

गळलेलं पेट्रोल खाली उतरतं. वाटेत थोडं मातीला चिकटतं, थोडं वाफ होऊन पोकळ्यांत बसतं आणि उरलेलं भूजलाच्या पातळीवर तरंगतं, रश्शावरच्या तर्रीसारखं. (आपल्या मेसमधल्या नव्हे, खऱ्या रश्शावरच्या.) काळजी असते ती पाण्यात विरघळणाऱ्या भागाची, मुख्यतः बेन्झीनची. त्याने कॅन्सर होतो. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा आहे लिटरला ५ मायक्रोग्रॅम. गणित करून बघा: एक ग्रॅम बेन्झीन दोन लाख लिटर पाणी बाद करू शकतं, म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर. पेट्रोलमध्ये बेन्झीन एक टक्का धरलं तर हे काम चहाच्या एका ग्लासाएवढ्या पेट्रोलचं! हे विरघळलेलं बेन्झीन पाण्याच्या प्रवाहाबरोबर लांब पट्टा करत जातं. पुस्तकात त्याला प्लूम म्हणतात, मी आपली शेपूट म्हणते.

सफाईत आधी टाकी आणि भोवतालची माती उकरून काढतात. पण खणणं शेजारच्या बिल्डिंगच्या पायापर्यंतच चालतं. मग बोअर मारून व्हॅक्यूम लावायचा आणि मातीतली वाफ खेचून कार्बन फिल्टरमधून सोडायची. वाळूत हे मस्त चालतं, चिकणमातीत नाही.

आता तुम्ही म्हणाल, पाणीच उपसा, फिल्टर करा, झालं! सगळ्यांनी आधी हेच केलं. सुरुवातीला बेन्झीनचा आकडा झपाट्याने उतरतो, मग ग्राफ आडवा होतो, आणि पंप बंद केला की आकडा परत वर. कारण मातीत अडकलेलं पेट्रोल हळूहळू पाण्यात सुटतच राहतं. तेलकट डबा नुसत्या थंड पाण्याने धुवून बघा, म्हणजे कळेल.

खरं काम करतात बॅक्टेरिया. ते बेन्झीन चक्क खातात, आणि बाहेरून आणावेही लागत नाहीत, मातीत असतातच. त्यांना कमी पडतो तो ऑक्सिजन, म्हणून जमिनीत हवा सोडतात. १९९५ मध्ये लॉरेन्स लिव्हरमोर लॅबने कॅलिफोर्नियातल्या गळत्या टाक्यांचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं की बेन्झीनच्या बहुतेक शेपट्या अडीचशे फुटांच्या आसपास थांबतात. म्हणून बऱ्याच जागी मुख्य गळती काढून टाकली की पुढे वर्षानुवर्षं फक्त मोजत बसतात. हा आळशीपणा नाही, पण मोजणारा प्रामाणिक हवा.

त्याच कॅलिफोर्नियात बॅक्टेरियांनी हात टेकले ते एमटीबीईपुढे. ऑक्टेन वाढवायला आणि गाड्यांचा धूर कमी करायला हे पेट्रोलमध्ये मिसळत. म्हणजे हवा स्वच्छ व्हावी म्हणून! हे पाण्यात बेन्झीनच्या पंचवीसेक पट विरघळतं, मातीला फारसं चिकटत नाही आणि बॅक्टेरियांना सहज पचत नाही. १९९६ मध्ये सांता मोनिका शहराला ह्यापायी विहिरी बंद कराव्या लागल्या आणि शहराचं जवळजवळ निम्मं पाणी गेलं. मग बाहेरून पाणी विकत घेणं, तेल कंपन्यांशी कोर्टकचेरी, २००३ मध्ये समझोता... कार्बन फिल्टरचा प्लँट चालू होईपर्यंत २०१० संपत आलं. तेव्हा पहिलीत असलेली पोरं एव्हाना आपल्या वयाची झाली होती.

कॅलिफोर्नियाने २००४ पासून एमटीबीई बंद केलं आणि त्याच्या जागी इथेनॉल आलं. इथेनॉल बॅक्टेरियांना फारच आवडतं. मेसमध्ये गुलाबजाम असले की भाजीला कोण विचारतं? तसं ते आधी इथेनॉल फस्त करतात, ऑक्सिजनही त्यातच संपतो, आणि बेन्झीनची शेपूट अजून लांब जाते. आपल्याकडे २०२५ मध्ये पेट्रोलमधलं इथेनॉल २० टक्क्यांवर पोचलं. शिवाय आपल्या दख्खनच्या काळ्या दगडात पाणी भेगाभेगांतून पळतं. तिथे ही शेपूट शोधायला बोअर नेमका कुठे मारायचा, हे सिव्हिलवाल्यांनी पुढच्या अंकात सांगावं!