चाचणीच्या वाटेत जाहिरात

समजा, प्रवासाच्या एका संकेतस्थळाची स्वयंचलित चाचणी चालू आहे. शोधाच्या चौकटीत ‘राजघाट’ टाइप करायचं, यादीतून दिल्लीचा सोडून बुऱ्हाणपूरचा, तापीकाठचा राजघाट निवडायचा आणि ‘मार्ग दाखवा’ दाबायचं. काल पास झालेली चाचणी आज फेल. कोडला कुणी हात लावलेला नाही. आज पानाच्या तळाला चिकटणारी जाहिरात नेमकी त्या बटणावर बसली आणि ब्राउझर चालवणाऱ्या सेलेनियम या चाचणी-साधनाने ‘एलिमेंट क्लिक इंटरसेप्टेड’ म्हणत हात टेकले. उपाय म्हणजे चाचणीपुरत्या जाहिराती अडवणं, पण त्याबद्दल गैरसमज बरेच.

गैरसमज: लोकांना जाहिराती दिसतात, त्या अडवून घेतलेली चाचणी खोटी.
वस्तुस्थिती: इथे तपासायचंय ते एवढंच, की योग्य राजघाट निवडला जातो का. जाहिरात परक्या सर्व्हरवरून येते, दर वेळी निराळी. बटण झाकलं जाणं हा मात्र खरा दोष असू शकतो. त्यासाठी ठरावीक मापाची नकली जाहिरात ठेवून वेगळी चाचणी लिहावी.

गैरसमज: स्क्रिप्टला पाच सेकंद थांबायला सांगितलं की भागतं.
वस्तुस्थिती: चिकटलेली जाहिरात थांबल्याने हटत नाही. शिवाय पान पूर्ण लोड होईपर्यंत सेलेनियम मुळातच थांबतं, त्यामुळे जाहिरातीची रेंगाळणारी फ्रेम चाचणीलाही रेंगाळवते.

गैरसमज: माझ्या क्रोममध्ये ॲड-ब्लॉकर आहे, म्हणजे चाचणीतही आहेच.
वस्तुस्थिती: सेलेनियम दर वेळी नवी, कोरी प्रोफाइल उघडतं, तुमची एक्स्टेन्शन्स तिथे नसतात. जुन्या हेडलेस, म्हणजे खिडकी न दाखवता चालणाऱ्या, क्रोममध्ये तर ती चालतच नसत. 2023 साली क्रोम 112 मध्ये आलेल्या नव्या हेडलेसपासून चालू लागली. पण एक्स्टेन्शनची गरजच काय? प्लेराइट या चाचणी-साधनात ‘रूट’ वापरून जाहिरातीची विनंती वाटेतच तोडता येते, सायप्रेस या दुसऱ्या साधनात ‘ब्लॉकहोस्ट्स’ची यादी देता येते. काहीच नसेल तर यंत्राच्या होस्ट्स फाइलमध्ये जाहिरातीचे पत्ते 0.0.0.0 कडे वळवावेत.

गैरसमज: जाहिराती येऊ दिल्या तर कुणाचं काय बिघडतं?
वस्तुस्थिती: आधी जाहिरातदाराचं, मग संकेतस्थळाच्या मालकाचं. यंत्राने उघडलेल्या पानावरची जाहिरातही ‘दाखवली’ म्हणून मोजली जाऊ शकते. गुगल ॲडसेन्स अशी यांत्रिक वर्दळ अवैध धरतं, आणि त्यापायी खातं बंदही होऊ शकतं. रोज रात्री चाचण्यांचा गठ्ठा चालवणाऱ्या चमूने निदान एवढ्यासाठी तरी जाहिराती अडवाव्यात.