हरवलेली अंगठी आणि जुने धातुशोधक यंत्र

बंगळूरच्या आग्नेय भागातून सर्जापूर गावाकडे जाणारा सर्जापूर रोड एके काळी शेते आणि तळी यांच्या मधून जात असे. आता त्याच्या दुतर्फा कचेऱ्या आणि उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. जेथे इमारत उठते, तेथील मातीत बांधकामाचा राडारोडा मिसळतो. खिळे, सळयांचे तुकडे, बांधणीची तार, पत्र्याच्या कपच्या असे नाना प्रकारचे लोखंड त्यात असते. अशा जागी खेळताना एखाद्याच्या बोटातून अंगठी निसटली, अथवा मंगळसूत्र तुटून त्याच्या वाट्या गवतात गेल्या, तर नुसत्या डोळ्यांनी त्या शोधणे फार कठीण. मग कोणाच्या तरी माळ्यावर पडून असलेल्या, १९७० च्या सुमाराच्या धातुशोधक यंत्राची आठवण होते. ते यंत्र उपयोगी पडेल काय? पडेल, परंतु ते काय सांगते आणि काय सांगत नाही, हे आधी समजून घ्यावयास हवे.

या यंत्राचा मुख्य अवयव म्हणजे दांड्याच्या टोकाशी बसविलेले तांब्याच्या तारेचे वेटोळे. त्यातून उलटसुलट दिशांनी वाहणारा विद्युत्प्रवाह सोडला, की त्याच्याभोवती सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. या क्षेत्रात धातूची वस्तू आली म्हणजे तिच्या अंगात पाण्यातील भोवऱ्यासारखे फिरणारे सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतात. या प्रवाहांचेही स्वतःचे चुंबकीय क्षेत्र असते, आणि त्याची चाहूल वेटोळ्याला लागते. सर्वांत साध्या जुन्या यंत्रात दोन विद्युत् आंदोलक असतात. एकाची कंप्रता स्थिर असते, तर दुसऱ्याची वेटोळ्यावर अवलंबून असते. दोहोंतील फरक कानाला गुणगुणण्यासारखा ऐकू येतो. तंबोऱ्याच्या दोन तारा किंचित बेसूर लागल्या असता जो हेलकावा ऐकू येतो, तोच हा प्रकार. वेटोळे धातूवरून गेले, की गुणगुण चढते किंवा उतरते. एवढेच काय ते यंत्राचे बोलणे!

या बोलण्याचा अर्थ लावणे किती अवघड असते, याचे प्रसिद्ध उदाहरण १८८१ सालचे आहे. त्या वर्षीच्या २ जुलै रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या, आणि एक गोळी त्यांच्या शरीरात रुतून बसली. क्ष-किरणांचा शोध १८९५ मधला. तेव्हा ते साधन नव्हते. दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी वेटोळ्यांचे एक यंत्र तयार करून रुग्णशय्येपाशी दोनदा शोध घेतला. दुसऱ्या वेळी क्षीण आवाज आला खरा, पण तो एका ठिकाणी न येता पुष्कळ मोठ्या भागावर येत राहिला. गादीखाली पोलादी तारांची आणखी एक गादी आहे, हे बेल यांना नंतर कळले. शिवाय गोळी उजव्या बाजूस आहे अशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांची खात्री असल्यामुळे शोधही त्याच बाजूस झाला. १९ सप्टेंबर रोजी गारफील्ड निवर्तले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूस आढळली. यंत्राने आपल्या परीने खरेच सांगितले होते. जवळच दुसरा धातू आहे, हे माणसांच्या ध्यानात आले नव्हते.

सर्जापूर रोडवरच्या राडारोड्यात अंगठी शोधणाऱ्यापुढे हीच अडचण असते. जुने यंत्र सोन्याला म्हणून ओळखत नाही. बावीस कॅरट सोन्यात तांबे किंवा चांदी मिसळलेली असते. त्यामुळे त्याची विद्युत्वाहकता शुद्ध सोन्याहून बरीच कमी भरते. लहान अंगठी आणि चुरगळलेला अॅल्युमिनियमचा कागद हे यंत्राच्या कानाला जवळजवळ सारखेच. काही यंत्रांवर 'कचरा' वगळण्यासाठी खुंटी असते. ती फार पिळली, तर कागदाबरोबर अंगठीही गप्प होते. म्हणून दागिना शोधताना ही खुंटी शक्य तितकी सैल ठेवून प्रत्येक आवाजाचा छडा लावणे, हाच लांबचा पण भरवशाचा मार्ग होय.

दागिन्याच्या घडणीवरही पुष्कळ काही अवलंबून असते. अंगठी हे अखंड कडे असल्यामुळे तिच्यात प्रवाह सहज फिरतो आणि तिचा आवाज स्पष्ट येतो. नाजूक साखळी मात्र वजनाने अंगठीहून जड असूनही यंत्राला चकविते. कड्या एकमेकींना जेमतेम टेकलेल्या असल्याने मोठा प्रवाह वाहू शकत नाही, आणि प्रत्येक कडी सुटी व इवलीशीच भासते. मंगळसूत्राचे काळे मणी काचेचे, म्हणजे मुकेच. तेथे आशा धरावयाची ती वाट्यांची.

बंगळूरच्या तांबड्या मातीत लोहाची संयुगे असतात, आणि ती जुन्या यंत्राचा सूर थोडाफार हलवितात. महाराष्ट्रात काळ्या बेसाल्ट खडकातील मॅग्नेटाइट या खनिजामुळे हा उपद्रव अधिक जाणवतो. यासाठी वेटोळे जमिनीपासून नेहमी सारख्याच उंचीवर फिरवावे लागते. ते वर-खाली झाले, की मातीच बोलू लागते.

खोलीची चिंता मात्र फारशी करू नये. वेटोळ्याच्या आकाराच्या मानाने दूर असलेल्या वस्तूचे अंतर दुप्पट झाले, की परत येणारी खूण सुमारे चौसष्टाव्या हिश्शाइतकी उरते. त्यामुळे वीतभर मातीखालील अंगठीचा पत्ता जुन्या यंत्रास सहसा लागत नाही. पण काल-परवा पडलेला दागिना गवताच्या मुळाशीच असतो. तशीच एखादी अंगठी प्रथम जवळच्या गवतात ठेवून तिचा आवाज कानात बसवावा. मग जागेला दोऱ्या बांधून पट्टे आखावेत, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर थोडा चढवावा, आणि तोच पट्टा आडव्या दिशेनेही तपासावा. निघालेला प्रत्येक खिळा पिशवीत टाकावा. तेथेच फेकला, तर पुढच्या फेऱ्यात तो पुन्हा आवाज देईल.

शोधताना दुसऱ्याचाच दागिना हाती लागला तर? सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती दुसऱ्याची ठेव असल्याप्रमाणे सांभाळण्याची जबाबदारी १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या ७१ व्या कलमाने टाकली आहे.