धुक्यातले दिवे आणि तारेतली उष्णता

डिसेंबर-जानेवारीतील पहाट. कामठीच्या कन्हान नदीवर धुके उतरलेले असते. नागपूर-जबलपूर महामार्गावरून कोळशाचे ट्रक, दूधवाले आणि शाळेची वाहने एकमेकांच्या दिव्यांच्या अंदाजाने पुढे सरकत असतात. समजा, कामठीहून मनसरमार्गे रामटेकला रोज जाणाऱ्या एका शिक्षकांना वाटले, की आपल्या जीपचे धुक्याचे दिवे अपुरे पडतात. मिस्त्री म्हणतो, "सर, ५५ वॉटचे काढून १०० वॉटचे बल्ब टाकून देतो. होल्डर तोच, तारही तीच." पाच मिनिटांचे काम! पण हे पाच मिनिटांचे काम महिन्याभरात जळक्या वासापर्यंत का पोचू शकते, ते आपण पाहू.

प्रथम तारेचा विचार करू. बॅटरी १२ व्होल्टची आहे. ५५ वॉटचे दोन दिवे मिळून ११० वॉट, म्हणजे ११० ÷ १२ = सुमारे ९.२ अँपियर विद्युतधारा. १०० वॉटच्या दोन दिव्यांना सुमारे १६.७ अँपियर लागतात. धारा दुपटीहूनही कमी वाढली. पण तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा जूलचा नियम आपण नववी-दहावीत शिकवतोच. म्हणून ती सुमारे ३.३ पट होते.

आकडे घालून पाहू. अर्धा चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या ४ मीटर तारेचा रोध सुमारे ०.१४ ओहम असतो. जुन्या दिव्यांच्या वेळी या तारेत सुमारे १२ वॉट उष्णता निर्माण होते, नव्या दिव्यांच्या वेळी ३९ वॉट. (तारेच्या रोधामुळे प्रत्यक्षात धारा थोडी कमी होईल, पण अंदाज चुकत नाही.) ही तार इतर तारांच्या जुडग्यात, टेपमध्ये गुंडाळलेली असते. उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते. आवरण मऊ होते, तारा एकमेकींना चिकटतात आणि शॉर्ट सर्किट होते. तीच तार दीड चौरस मिलिमीटरची घेतली, तर रोध एक तृतीयांश होतो आणि उष्णता पुन्हा १३ वॉटच्या आसपास येते. उपाय किती साधा!

तारेपेक्षाही धोक्याची जागा म्हणजे जोड. गंजलेल्या किंवा सैल जोडाचा रोध केवळ ०.१ ओहम असला, तरी १६.७ अँपियरला तेथे सुमारे २८ वॉट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॉटचे असते. म्हणजे प्लॅस्टिकच्या सॉकेटमध्ये आपण एक तापलेले सोल्डरिंग आयर्नच ठेवले!

आता फ्यूजकडे वळू. समजा, मूळ फ्यूज १५ अँपियरचा आहे. नव्या दिव्यांमुळे तो वरचेवर जातो. कोणी त्या जागी ३० अँपियरचा बसवतो आणि तक्रार थांबते. पण फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठी नसतो, तारेच्या रक्षणासाठी असतो. तार तीच ठेवून मोठा फ्यूज बसवला, की फ्यूजऐवजी तारच वितळते.

दिव्याच्या पेटीतही अडचण आहेच. हॅलोजन बल्बमध्ये तंतूवरून उडालेले टंगस्टन पुन्हा तंतूकडे परत यावे म्हणून बल्बची काच २५० अंश सेल्सिअसहून अधिक तापलेली राहावी लागते. पुरवलेल्या विजेचा बराच मोठा भाग अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर पडतो. वाहनात सर्रास वापरले जाणारे एबीएस प्लॅस्टिक मात्र १०० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. गाडी धावत असताना वारा पेटी थंड ठेवतो. रेल्वे फाटकाशी दिवे लावून उभ्या राहिलेल्या गाडीत तो आधार जातो. तापलेल्या पुढच्या काचेवर गार पाणी उडाले, तर ती तडकू शकते.

मग एलईडी? तिच्या झोतात अवरक्त किरण फारसे नसतात. पण उष्णता मागच्या बुडाशी साचते. तेथील धातूच्या पंख्यांना हवा न मिळाल्यास एलईडी लवकर निकामी होते. शिवाय हॅलोजनसाठी घडवलेल्या परावर्तकात एलईडी बसवली, की प्रकाश नेमक्या जागी न पडता समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

मुळात, जास्त वॉटने धुक्यात जास्त दिसते का? धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीहून पुष्कळ मोठे असतात. ते सर्व रंगांचा प्रकाश जवळजवळ सारखाच विखुरतात. त्यामुळे पिवळा प्रकाश धुके भेदतो, ही समजूतही फारशी टिकत नाही. फ्रान्समध्ये अनेक दशके पिवळे हेडलाइट सक्तीचे होते. ती सक्ती १९९३ मध्ये संपली. झोत प्रखर केला, की समोरची पांढरी भिंतच अधिक उजळते. धुक्याचा दिवा उपयोगी पडतो तो खाली बसवल्यामुळे आणि त्याचा झोत रुंद, वरून कापलेला असल्यामुळे. म्हणून दिव्याची काच पुसणे, त्याचा कोन नीट लावणे आणि वेग कमी करणे, हे १०० वॉटच्या बल्बपेक्षा अधिक कामाचे. दिवे नव्याने बसवायचेच असतील, तर ते उत्पादकाने सांगितलेल्या वॉटचेच असावेत. बॅटरीकडून स्वतंत्र जाड तार, रिले आणि बॅटरीजवळच त्या तारेला साजेसा फ्यूज असावा. हॅलोजन बल्ब उघड्या बोटांनी धरू नये. बोटांचे तेल लागलेल्या जागी काच खराब होते.

वर्गात एक प्रयोग करता येईल. २ ओहम रोधाचे नायक्रोमचे वेटोळे ५० मिलिलिटर पाण्यात बुडवा. १ अँपियर धारा ५ मिनिटे सोडून तापमान नोंदवा. नव्या पाण्यात २ अँपियरने तेच करा. पहिल्या वेळी सुमारे ३ अंश, तर दुसऱ्या वेळी सुमारे ११ अंश वाढ दिसेल. "धारा दुप्पट, मग उष्णता चौपट का?" हे विद्यार्थ्यांनाच विचारा. यांतलाच एखादा विद्यार्थी उद्या घरच्या गाडीचा फ्यूज बदलणार आहे.