अकरा सामने, ५५० गुण आणि समोर शून्य

५५० विरुद्ध शून्य! ही अख्ख्या हंगामाची बेरीज आहे. १९०१ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने अकरा सामन्यांत ५५० गुण लुटले आणि प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण मिळू दिला नाही. बफेलोविरुद्धच्या एकाच सामन्यात तर १२८-०!

हा अमेरिकी फुटबॉल. लांबुळका चेंडू छातीशी धरून पळायचं आणि समोरच्यांनी पळणाऱ्याला आडवं पाडायचं. शेवटची रेषा ओलांडली की टचडाउन. त्याचे तेव्हा ५ गुण मिळत. चेंडू हाताने पुढे फेकायला बंदी होती. तीन प्रयत्नांत ५ यार्ड सरकलात तर चेंडू तुमच्याकडेच राही, नाहीतर तो समोरच्यांना मिळे. मैदान ११० यार्डांचं. थोडक्यात, इंचाइंचाने चालणारी रेटारेटी. तिच्यात मिशिगनवाले मात्र ‘मिनिटाला एक गुण’ घेणारा संघ म्हणून गाजले. कसे?

उत्तर होतं वेग. प्रशिक्षक फील्डिंग योस्ट नुकतेच मिशिगनला आले होते. सतत ‘हरी अप’चा धोशा लावायचे, म्हणून तेच त्यांचं टोपणनाव झालं. एक चाल संपते न संपते तोच पुढच्या चालीचा इशारा सुटे. समोरचे धुळीतून उठून जागा धरेपर्यंत विली हेस्टनसारखा चपळ गडी निसटलेला असे. समोरच्यांच्या शून्याचं अर्धं रहस्यही यातच आहे: चेंडू हाती येईल तेव्हा ना गुण! उरलेलं अर्धं बचावात. आणि बचावालाही हेच अकराजण.

१ जानेवारी १९०२ रोजी कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाला स्टॅनफर्डशी गाठ पडली. १९०० साली याच स्टॅनफर्डचे प्रशिक्षक योस्ट होते! नील स्नोने पाच टचडाउन केले. मिशिगनने एकही खेळाडू बदलला नाही. ४९-० झाल्यावर, आठ मिनिटं शिल्लक असताना, स्टॅनफर्डनेच खेळ थांबवायची विनंती केली. इतका एकतर्फी सामना पाहून आयोजकांनी नववर्षाचा फुटबॉल सामनाच बंद केला; तो परतला थेट १९१६ मध्ये. आज हाच सामना ‘रोझ बोल’ म्हणून ओळखला जातो.

मिशिगनची अपराजित घोडदौड १९०५ च्या नोव्हेंबरात शिकागोने रोखली. पाच हंगामांत २,८२१ गुण मिळवणाऱ्या संघाला हरवायला अखेर दोन गुण पुरले: २-०.