मधुमेही बोक्याच्या किडनीचा पहिला रिपोर्ट

सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या बोक्याच्या रक्ततपासणीत एखाद्या दिवशी क्रिएटिनिन १.९ येतं आणि डॉक्टर म्हणतात, "किडनीकडे जरा लक्ष ठेवायला हवं." घरी पोचेपर्यंत आपण मनातल्या मनात डायलिसिसपर्यंत जाऊन आलेलो असतो. एवढ्या एका आकड्यावरून अजून काहीच ठरत नाही, आणि मधुमेह असताना तर मुळीच नाही.

अडचण अशी आहे की दोन्ही आजारांची बाहेरून दिसणारी लक्षणं सारखीच असतात: तहान वाढते, लघवी वाढते, वजन उतरतं. मांजराच्या रक्तातली साखर साधारण २५० ते ३०० च्या वर गेली की ती लघवीत उतरते आणि जाताना पाणी ओढून नेते. किडनी थकली की लघवी घट्ट करण्याची तिची ताकद कमी होते, मग पाणी तिथूनही निसटतं. वाळूच्या ट्रेमधले मोठमोठे ओले गोळे यांपैकी कशामुळे झाले, हे नुसतं बघून डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

आपल्याला लागलेली टोचणी इथेच दूर करू. माणसांत मधुमेह हे किडनी बिघडण्याचं मोठं कारण आहे. मांजरांत हा संबंध तितका स्पष्ट नाही. दोन्ही उतारवयातले आजार असल्यामुळे ते अनेकदा एकत्र दिसतात. त्यामुळे "साखर नीट सांभाळली नाही म्हणून किडनी गेली" असं स्वतःला लावून घेण्याचं कारण नाही.

आता रिपोर्ट हातात घ्या आणि तो कुठल्या लॅबचा आहे ते आधी पाहा. आपल्याकडे प्राण्यांच्या रक्ताचे नमुने पुष्कळदा माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये जातात, आणि रिपोर्टवर शेजारी छापलेली 'नॉर्मल' मर्यादा माणसाची असते. माणसात १.५ क्रिएटिनिन जास्त मानलं जातं म्हणून तो आकडा ठळक करून येतो. मांजरात तो चालतो. ठळक अक्षरांना घाबरण्याआधी ही मर्यादा कुणाची, हे डॉक्टरांना विचारा.

क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंच्या कामातून तयार होणारा टाकाऊ पदार्थ. किडनी तो गाळून बाहेर टाकते, म्हणून तो रक्तात साठला तर किडनीवर शंका घेतात. पण तो स्नायूंतून येतो हे विसरू नका. साखर बरेच दिवस वाढलेली राहून पाठीचा कणा हाताला लागू लागलेल्या बोक्यात स्नायूच कमी असतात, त्यामुळे क्रिएटिनिन खोटं कमी दिसू शकतं. अशा वेळी एसडीएमए ही रक्ततपासणी मागावी. तिच्यावर स्नायूंचा प्रभाव फारसा पडत नाही आणि ती किडनीची घसरण बहुतेकदा लवकर दाखवते. युरियाच्या आकड्यावर मात्र फार विसंबू नका. मांसाहारी डबाबंद खाण्याने आणि अंगातलं पाणी कमी झाल्यानेही युरिया वाढतो.

त्यानंतरची पायरी म्हणजे तपासणी पुन्हा करणं. किडनीच्या आजाराचे टप्पे इंटरनॅशनल रीनल इंटरेस्ट सोसायटीने, म्हणजे आयरिसने, ठरवून दिलेले आहेत. मांजरात क्रिएटिनिन १.६ च्या खाली असेल तर पहिला टप्पा, १.६ ते २.८ दुसरा, २.९ ते ५ तिसरा आणि त्यापुढे चौथा. पण हे टप्पे लावायचे ते तब्येत स्थिर असलेल्या, अंगात पुरेसं पाणी असलेल्या मांजराला, आणि तेही निदान दोनदा तपासून. साखर ४०० वर गेली आहे, बोका सुकला आहे, अशा दिवशी घेतलेलं रक्त टप्पा ठरवायला निरुपयोगी. आधी साखर ताळ्यावर आणावी, काही आठवड्यांनी पुन्हा बघावं. मी तर म्हणेन, पहिल्या रिपोर्टवर 'किडनी पेशंट' हा शिक्का मारूच नये.

याच पायरीवर एक धोक्याची चूक होते. लॅबवाले सांगतात, "उपाशी आणा." आपण बोक्याला रात्रीपासून उपाशी ठेवतो आणि सकाळचं इन्सुलिन सवयीने टोचून मोकळे होतो. पोटात काही नाही आणि इन्सुलिन पूर्ण, म्हणजे साखर धोकादायकपणे घसरणार. उपाशी ठेवायचंच असेल तर किती वेळ, आणि त्या दिवशी इन्सुलिन कधी व किती, हे डॉक्टरांकडून आधी लिहून घ्या.

लघवीची तपासणी रक्ताइतकीच मोलाची आहे, आणि नेमकी तीच टाळली जाते. तिच्यात चार गोष्टी बघायच्या. पहिली, विशिष्ट गुरुत्व, म्हणजे लघवी किती घट्ट आहे. निरोगी मांजराची लघवी सहसा १.०३५ पेक्षा घट्ट असते. हे रिफ्रॅक्टोमीटर या छोट्या दुर्बिणीसारख्या उपकरणाने मोजावं लागतं. माणसांसाठीच्या रंगपट्टीवरचा गुरुत्वाचा चौकोन मांजराच्या बाबतीत भरवशाचा नाही. लघवीत साखर असेल तर हा आकडा दोन्हीकडून बिघडतो. विरघळलेल्या साखरेने थोडा वर जातो, सोबत वाहून गेलेल्या पाण्याने खाली येतो.

दुसरी गोष्ट प्रथिनं. लघवीतल्या प्रथिनाचं क्रिएटिनिनशी प्रमाण काढतात, त्याला यूपीसी म्हणतात. ०.२ च्या खाली ठीक, ०.४ च्या वर म्हणजे किडनीच्या गाळणीतून प्रथिनं गळत आहेत. तिसरी गोष्ट जंतुसंसर्ग. गोड लघवीत जंतू सहज वाढतात आणि मधुमेही मांजरात संसर्ग असूनही कण्हणं-कुंथणं दिसेलच असं नाही. म्हणून लघवीचं कल्चर करावं, म्हणजे जंतू वाढवून बघावेत. त्यासाठी नमुना ट्रेमधला चालत नाही. डॉक्टर पोटावरून बारीक सुईने थेट मूत्राशयातून तो घेतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण बहुतेक मांजरं रक्त काढताना जास्त आरडाओरडा करतात. संसर्ग सापडून बरा झाला तर यूपीसी आणि कधीकधी क्रिएटिनिनही खाली येतं, म्हणून यूपीसीवर निर्णय घ्यायचा तो संसर्ग नाही याची खात्री झाल्यावरच.

चौथी गोष्ट कीटोन. इन्सुलिन अपुरं पडलं की शरीर चरबी जाळू लागतं, त्यातून निघणारे आम्लासारखे पदार्थ म्हणजे कीटोन. माणसांसाठी मिळणाऱ्या कीटोनच्या पट्ट्या इथे चालतात. लघवी करत असताना हळूच पळी पुढे धरायची आणि पट्टी बुडवायची.

रक्तदाब मोजून घ्यायचा राहू देऊ नका. १६० च्या वर सतत राहिला तर किडनी आणि डोळे दोन्ही धोक्यात येतात. डोळ्याचा पडदा सुटून मांजर अचानक आंधळं झालेलं दिसतं. शेजारच्या बाकावर कुत्रं भुंकत असताना मोजलेला रक्तदाब मात्र खोटा वाढलेला असतो. शांत खोलीत दहा मिनिटं बसू द्यावं, पाच-सात वेळा मोजून सरासरी काढावी, अशी विनंती करायला संकोचू नका. दहाच्या पुढच्या वयात थायरॉईडची टी-४ तपासणीही करून घ्यावी. वाढलेला थायरॉईड किडनीचा आजार झाकून ठेवतो.

समजा सगळं तपासून आयरिसचा दुसरा टप्पा ठरला. आता येतो खाण्याचा प्रश्न, आणि इथेच घराघरांत सगळ्यात जास्त गोंधळ होतो. मधुमेहाला हवं भरपूर प्रथिनं आणि कमी पिष्टमय पदार्थ. बाजारातलं 'रीनल' खाणं नेमकं उलट असतं, त्यात प्रथिनं आणि फॉस्फरस कमी, पण पिष्ट बऱ्याचदा जास्त, विशेषतः कोरड्या दाण्यांमध्ये. रिपोर्ट आला त्याच संध्याकाळी रीनलची पिशवी आणून ताटलीत ओतली, की आठवड्याभरात साखर उसळलेली. सुरुवातीच्या टप्प्यात बहुतेक डॉक्टर मधुमेहाचं ओलं खाणं चालू ठेवतात आणि फक्त फॉस्फरसवर नजर ठेवतात. मला हेच शहाणपणाचं वाटतं. मांजर मुळात मांसाहारी आहे. "किडनी आहे ना, प्रोटीन बंद करा" हा माणसांच्या पथ्यातून आलेला सल्ला त्याच्या उरल्यासुरल्या स्नायूंवर उठतो.

रक्तातला फॉस्फरस ४.६ च्या खाली राहावा, हे दुसऱ्या टप्प्यातलं उद्दिष्ट. त्यासाठी घरातल्या सवयी तपासा. कलेजी, काट्यांसकट मासळी, सुकट, सुके बोंबील यांत फॉस्फरस भरपूर, आणि सुक्या मासळीत वर मीठ. नुसत्या उकडलेल्या बोनलेस चिकनवर ठेवणंही बरोबर नाही, कारण त्यात फॉस्फरस आहे आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. खाऊच्या पाकिटांवर सोडियम फॉस्फेट, ट्रायपॉलिफॉस्फेट अशी नावं असतील तर ती पाकिटं बंद करा. हे मिसळलेले फॉस्फेट मांसातल्या नैसर्गिक फॉस्फरसपेक्षा किडनीला जास्त जड जातात. दूध-भात आणि दूध-पोळी तर मधुमेहासाठीच बंद व्हायला हवी होती. एवढं करूनही आकडा उतरला नाही तर खाण्यात मिसळायचा फॉस्फेट बाइंडर, म्हणजे फॉस्फरस आतड्यातच बांधून ठेवणारं औषध, डॉक्टर देतात.

खाणं बदलायचंच झालं तर दहा-पंधरा दिवस घेऊन, थोडं थोडं मिसळून. आणि डॉक्टरांना कळवून, कारण ताटलीतलं पिष्ट बदललं की इन्सुलिनची गरजही बदलते. नवं खाणं बोक्याने नाकारलं तर हट्ट करू नका. "भूक लागली की खाईल" हा हिशोब मांजराला लागू होत नाही. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचू लागते आणि मग तिसरंच संकट उभं राहतं.

पाण्याचं सोपं आहे. ओल्या खाण्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं, त्यात आणखी दोन चमचे घालावं. वाट्या दोन-तीन ठिकाणी, ट्रेपासून लांब. चिकनचं पाणी देणार असाल तर त्यात मीठ, कांदा, लसूण नको. कांदा-लसूण मांजराला विषारी आहे. आणि ट्रे फार भिजतो म्हणून रात्री पाण्याची वाटी उचलून ठेवण्याचा प्रकार काही घरांत चालतो, तो आजच थांबवा.

"सलाईन लावू या का?" असं बरेच जण विचारतात. सुरुवातीच्या टप्प्यात, खातं-पितं मांजर असेल तर सहसा गरज नसते. लागलंच तर कातडीखाली रिंगर लॅक्टेट देतात. केमिस्टकडून स्वतः आणताना ग्लुकोज असलेली बाटली उचलली जात नाही ना, हे लेबल वाचून बघा. हृदयाचा त्रास असेल तर सलाईन उलट अंगावर येतं.

इन्सुलिनकडे आता दुप्पट लक्ष द्यावं लागेल. शरीरातलं इन्सुलिन मोडून टाकण्याचं बरंचसं काम किडनी करते. ती मंदावत गेली की तोच डोस जास्त वेळ टिकतो, आणि वर्षभर बरोबर बसलेला डोस हळूहळू जास्त होऊ लागतो. म्हणून कानाच्या कडेवरून ग्लुकोमीटरने साखर बघायची सवय ठेवा. माणसांचं मीटर मांजराची साखर खऱ्यापेक्षा कमी दाखवतं, हे लक्षात ठेवून एकच मीटर कायम वापरा. झोकांड्या, थरथर, विचित्र भूक, झटके ही साखर घसरल्याची खूण. लगेच हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळा आणि दवाखाना गाठा. झटके येत असताना तोंडात काही ओतू नका.

सिरिंजचंही एकदा तपासून घ्या. भारतात इन्सुलिन मुख्यतः ४० आणि १०० अशा दोन ताकदींत मिळतं. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. ग्लार्जिन सहसा १०० चं असतं. ते लाल टोपणाच्या सिरिंजने मोजलं तर अडीचपट डोस जातो.

औषधांबाबत थोडक्यात. यूपीसी वाढलेलं असेल तर टेल्मिसार्टन किंवा बेनाझेप्रिल, रक्तदाबाला अ‍ॅम्लोडिपिन, हे डॉक्टर ठरवतील. पॅरासिटामॉल मांजराला कधीच नाही, एक गोळीही जीव घेते. सांधेदुखीचं मेलॉक्सिकॅम पूर्वी दिलं असेल तर ते आता पुन्हा विचारल्याशिवाय नको. पुष्पगुच्छातून आलेली मोठी लिली घरात ठेवू नका, तिचे अंगावर पडलेले परागकण चाटूनही किडनी बंद पडते. मांजरांसाठी इन्सुलिनऐवजी देण्याची बेक्साग्लिफ्लोझिन ही गोळी अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये मान्य झाली. हे वाचून कुणी आजोबांच्या डब्यातली त्याच जातीची डॅपाग्लिफ्लोझिन देऊन बघण्याचा विचार करत असेल तर कृपया नको. या जातीच्या गोळ्यांत साखर नॉर्मल दिसत असतानाही कीटोन वाढून मांजर दगावू शकतं, आणि आधीपासून इन्सुलिनवर असलेल्या मांजराला ती गोळी द्यायचीच नाही असं तिच्या माहितीपत्रकातच म्हटलं आहे.

यापुढे उलटी झाली, खाणं सुटलं की आपण म्हणणार, "किडनीमुळे असेल." हा समज सगळ्यात महाग पडतो. मधुमेही मांजरात उलटी आणि अन्नावरची वासना उडणं म्हणजे आधी कीटोनची पट्टी. ती रंगली तर सकाळची वाट बघायची नाही. बोक्याने खाल्लं नसेल तर नेहमीचा डोस डोळे झाकून टोचू नका, फोन करून विचारा.

दुसऱ्या टप्प्यात तीन ते सहा महिन्यांनी फेरतपासणी पुरते: क्रिएटिनिन, एसडीएमए, फॉस्फरस, पोटॅशियम, लघवी, रक्तदाब आणि वजन. लॅब शक्यतो तीच ठेवा, नाहीतर आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. मधल्या काळात तान्ह्या बाळांच्या काट्यावर आठवड्यातून एकदा वजन करा. जाताना वजनाची वही, गेल्या दोन आठवड्यांचे ग्लुकोमीटरचे आकडे, खाण्याच्या पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो आणि सध्या वापरात असलेली सिरिंज सोबत न्या.